22 पैकी 13 रोपं का गेली, आणि आता कुठे काय लावावं

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याजवळ वाघोलीच्या पुढे अडीच गुंठ्यांवर दुमजली घर, तोंड पूर्वेला. पुढे पंधरा फुटांचं अंगण, मागे पश्चिमेला दहा फूट मोकळी जागा, उत्तरेला पाच फुटांची गल्ली, दक्षिणेला शेजाऱ्यांच्या आंब्याची सावली कुंपणावरून आत आलेली. नैऋत्येच्या कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी उभं राहतं. पाणी बोअरचं. घरात चार वर्षांचा नातू. गेल्या जूनमध्ये हौसेने 22 रोपं आणली, यंदाच्या मेपर्यंत 13 गेली: सहा एक्झोरा, तीन अरेका पाम, तीन गुलाब, एक सोनचाफा. गल्लीतले मोगरे जगलेत, पण फूल नाही. आणि आता तुमचं म्हणणं, "ताई, मरणार नाहीत अशा झाडांची यादी द्या."

नावं सांगतेच पुढे. पण ती तेरा रोपं काही नाजूक नव्हती हो. एक्झोरा कोकणात कुंपणाकुंपणाने वाढतो, पिटकुळी म्हणतात तिकडे, कुणी त्याला वेगळं पाणीही घालत नाही. अरेका मुंबईच्या दमट हवेत सोसायटीच्या जिन्याखालीसुद्धा तग धरतो. रोपं चांगली आणलीत, फक्त त्यांना नको त्या जागी बसवलंत. गेली 26 वर्षं मी लोकांच्या बागा करतेय. झाड गेलं की लोक खत कमी पडलं का, कीड होती का, माळ्याने पाणी चुकवलं का हे विचारतात. जागेची चौकशी कुणी करत नाही.

माझी आजी राजापूरजवळच्या खेड्यात राहायची. तिच्या परसात बाग म्हणावी असं काही नव्हतं, पण ज्याची त्याची जागा ठरलेली होती. न्हाणीघराचं पाणी चरातून नारळाच्या आळ्यात जायचं. मोरीच्या तोंडाशी अळू, पुढे जरा उंचवट्यावर केळी. आंब्याच्या बुंध्यावर मिरवेल. अबोली पडवीच्या कडेला, जिथे सकाळचं ऊन येतं आणि दुपारी छपराची सावली पडते. कढीपत्ता मात्र विहिरीपलीकडे, भर उन्हात. पीएच, म्हणजे माती आंबट की अल्कधर्मी हे मोजायचं माप, हा शब्द तिने उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुठल्या महिन्यात ऊन कुठवर सरकतं, हे मात्र तिला तोंडपाठ होतं. मी शिकले ते तिथेच, पुढे कृषी पदविकेत फक्त त्याची नावं कळली.

तिच्याकडूनच एक सवय लागली. नव्या आवारात गेले की मी प्रत्येक कोपऱ्यासमोर उभी राहून विचार करते, की ही अशी जागा रानात कुठे असते? तुमची पश्चिमेची भिंत म्हणजे वैशाखातला उघडा कातळ. उत्तरेची गल्ली म्हणजे डोंगरातली घळ. आंब्याखालचा पट्टा म्हणजे राईची कड. आणि ज्या कोपऱ्याला तुम्ही वैतागलात, तो ओढ्याचा काठ. त्या त्या जागी रानात काय आपण होऊन उगवतं ते आठवलं, की निम्मी निवड तिथेच होते.

आता गेलेल्या रोपांकडे येऊ.

एक्झोराचा फोटो तुम्ही पाठवलाय. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, कुणी बारीक पेनने जाळी काढावी तशा. हा लोहाच्या कमतरतेचा अगदी पुस्तकी नमुना. गंमत अशी की आपली दख्खनची माती बसाल्ट खडकाची, तिच्यात लोह भरपूर. पण माती अल्कधर्मी असली की ते मुळांना घेता येत नाही. आडात आहे, पोहऱ्यात येत नाही. त्यात नव्या घराभोवतीची माती ही निम्मी माती आणि निम्मा राडारोडा असते. पाया खणताना खालचा चुनखडीचा मुरूम वर येतो, वरची चांगली माती खाली गाडली जाते, मग त्यात प्लास्टरचा चुरा, विटांचे रोडे, सिमेंट कालवल्याचं पाणी. हे सगळं अल्कता वाढवणारं. वरून बोअरचं जड पाणी रोज. गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो ना, तोच कुंडीत आणि आळ्यातही बसतोय.

नर्सरीवाले फेरस सल्फेट घाला म्हणतील. अशा मातीत ते बघता बघता निकामी होतं. चिलेटेड, म्हणजे लवकर निकामी न होणाऱ्या रूपातल्या, लोहाची फवारणी केली तर पानं काही आठवडे हिरवी दिसतात, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. एक्झोरा आणि अनंत ही कोकणातल्या जांभ्याच्या आंबट मातीत रमणारी माणसं. हवीतच असतील तर मोठ्या कुंडीत लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत घालून लावा, आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी एका पिंपात साठवून ते त्यांच्यासाठी राखून ठेवा. जमिनीत पुन्हा लावू नका.

सोनचाफ्याबद्दल बोलताना मला माझी चूक कबूल करावी लागेल, कारण तुमच्याकडे जे झालं ते मी स्वतः केलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी हडपसरकडे एका बंगल्यात, चांगल्या काळ्या मातीत, तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा घेतला. नियमाने लाल माती, वाळू, शेणखत भरलं आणि सोनचाफा लावला. पहिलं वर्ष झाड असं वाढलं की मालकीणबाई मला फुलांचं पुडकं पाठवायच्या. दुसऱ्या ऑगस्टमध्ये पानं लोंबायला लागली. त्यांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून त्यांनी पावसाळ्यातही वरून पाणी घातलं. मी गेले तेव्हा उशीर झाला होता. खणल्यावर गटारासारखा वास आला. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आतला दोरा जमिनीतच राहिला. मी खड्डा नव्हे, हौद बांधला होता. भोवतीची काळी माती पावसात फुगून घट्ट झालेली, तिच्यातून पाणी झिरपेना. आतली भुसभुशीत माती मात्र आजूबाजूचं सगळं पाणी ओढून घेत बसली.

म्हणून आता कुठलंही झाड लावण्याआधी मी पाण्याची चाचणी करते, तीही एकाच नाही, चार-पाच ठिकाणी. पहारीने फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या. लगेच पुन्हा भरा आणि आता घड्याळ लावा. तासाला इंचभर तरी पाणी उतरलं तर चिंता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी दिसलं तर तिथे खोल खड्डा करून काहीही लावू नका. दोनदा का भरायचं? मेमध्ये काळी माती भेगाळलेली असते, पहिलं पाणी ती घटाघटा पिते आणि आपल्याला वाटतं निचरा छान आहे. भेगा मिटल्यावरची परीक्षा खरी. शक्य असेल तर जुलैत हीच चाचणी परत करा, आकडा किती बदलतो ते बघून चकित व्हाल.

जिथे निचरा नाही तिथे वर चढायचं. पाच-सहा फूट रुंद आणि फूट-सव्वा फूट उंच असा उतरत्या कडांचा मातीचा उंचवटा करा, भाजीवाले गादीवाफा करतात तसाच, फक्त गोल. आहे तीच माती रुंद भागात खणून मोकळी करा, तिच्यातच कुजलेलं खत मिसळा. वेगळी माती आणून खोल भोकात भरू नका. झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे माती ओलसरही आणि हवेशीरही, ती अवस्था महिन्यातले जास्तीत जास्त दिवस राहील अशी जागा करून देणं हे आपलं काम. खत वगैरे त्यानंतर.

गुलाबांचं कारण वेगळं असण्याची शक्यता आहे. मेलेलं एखादं रोप अजून जमिनीत असेल तर उपटून बघा. मुळाशी मुठीएवढा चिकणमातीचा टणक गोळा निघाला तर समजा तेच. लांबून ट्रकने येणारी कलमं अशा गोळ्यात बांधून पाठवतात, कारण त्यात ओल टिकते. आपण तो गोळा तसाच लावतो. पुढे तो विटेसारखा सुकतो, पाणी त्याच्या बाजूने निघून जातं, आणि भोवती माती ओली असूनही आत मुळं कोरडी. आणल्या आणल्या गोळा बादलीत भिजवून हलक्या हाताने निम्मी चिकणमाती सोडवायची, मग लावायचं. तुमची कोरडी हवा खरं तर गुलाबाला मानवते, तेव्हा नाद सोडू नका, फक्त थंडी सुरू होताना लावा.

अरेका पामचं थोडक्यात: त्यांना गाळलेलं ऊन आणि दमट हवा लागते. पुण्याच्या नर्सऱ्यांत येणारी बरीच शोभेची रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात. गोदावरीकाठची दमट हवा, त्यातून हिरव्या जाळीखाली वाढवलेली. तुम्ही ती पश्चिमेला उन्हात ठेवलीत. पानांची टोकं भाजली ती आधी उन्हाने, मग बोअरच्या क्षारांनी. कुठलंही रोप आणलं की पंधरा दिवस आडोशाला ठेवून हळूहळू उन्हात सरकवा, हा नियम काटक झाडांनाही लागू आहे.

आता जागा. पश्चिमेपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त रोपं तिथेच मरतात.

एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता मागे जाऊन भिंतीला तळहात लावून बघा. सूर्य बुडून दोन तास झालेले असतात तरी भिंत कोमट लागते. म्हणजे तिथल्या झाडाला दुपारचं ऊन समोरून, धग पाठीमागून, आणि रात्रीही सुटका नाही. एसीचा बाहेरचा डबा तिथेच असला तर विचारूच नका. इथे पाण्याचा साठा अंगातच बाळगणारी किंवा पान टाकून देऊन उन्हाळा काढणारी झाडं हवीत. पांढरा चाफा पहिला. गडांवर, देवळांच्या अंगणात कातळाच्या चार बोटं मातीत शेकडो चाफे उभे आहेत, त्यांना कोण पाणी घालतं? बोगनवेल दुसरी, आणि तिला लाडाने पाणी घालू नका, पाणी वाढलं की नुसता पाला येतो. शंकासुर, टिकोमा, खाली सदाफुली. एरवी मी कण्हेर हमखास सुचवते, पण ती मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे आणि पिवळी बिट्टीही तशीच. नातू चार वर्षांचा आहे, तेव्हा दोन्ही वगळा. चाफ्याचा चीकही अंगाला लागू देऊ नये, पण त्याच्या फांद्या आवाक्याबाहेर ठेवता येतात.

खुद्द भिंत थंड करायची असेल तर वेल भिंतीवर चढवू नका. भिंतीपासून फूट-दीड फूट अंतर सोडून पाइपांचा साधा सांगाडा उभारा आणि त्यावर मधुमालती सोडा. मधल्या पोकळीतून वारा खेळतो आणि भिंत खरोखर कमी तापते. मूळ मात्र भिंतीपासून तीन फूट लांब जमिनीत लावायचं, कारण भिंतीलगत तुमचा सगळा राडारोडा आहे. बऱ्याच जणांना पश्चिमेच्या सावलीसाठी बहावा लावायचा असतो. झाड देखणंच, पण उन्हाचा कडाका वाढतो नेमकी तेव्हाच त्याची पानं गळालेली असतात. सोन्याचे घोस बघायला मिळतील, सावली नाही.

उत्तरेची गल्ली ही सगळ्यात फसवी जागा. लोक म्हणतात उत्तरेला कायम सावली, सावलीची झाडं लावा. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या आसपास. 21-22 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवर असतो. तेवीस फूट उंच घराची सावली तेव्हा उत्तरेला वीस फुटांवर जाते, म्हणजे तुमची पाच फुटी गल्ली आणि पलीकडच्या शेजाऱ्यांची पंधरा फूट जागाही अंधारात. पण मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्याच गल्लीत मेमध्ये दुपारचे दोन-तीन तास ऊन सरळ वरून ओततं. सावलीसाठी म्हणून आणलेली अग्लोनिमा, पीस लिली तेव्हा भाजून निघतात, आणि मालक म्हणतात, "अहो, सावलीतच होती की!"

त्यामुळे गल्लीत जमिनीत लावायची ती दोन्ही सोसणारी: सान्सेव्हेरिया, म्हणजे स्नेक प्लांट, आणि जांभळ्या पाठीच्या पानांचं र्‍हिओ. नेचे, पीस लिली, अग्लोनिमा कुंड्यांतच ठेवा, म्हणजे मे-जूनपुरत्या आत ओढून घेता येतील. डिफेनबाखिया नको, पुन्हा नातवासाठीच, पान चावलं तर तोंड सुजतं. मोगऱ्यांना तिथे फूल का येत नाही हे आता लक्षात आलंच असेल. मोगऱ्याला सहा तास ऊन हवं. पावसाळ्याच्या सुरुवातीला मातीच्या गड्ड्यासकट पुढच्या अंगणात हलवा. जानेवारीत पाणी तोडा, महिनाअखेरीस छाटणी करा, मग खत-पाणी सुरू करा, उन्हाळ्यात ओंजळीने फुलं येतील.

ऊन किती हे अंदाजाने सांगू नका कधी. सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दर दोन तासांनी चारही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा. असं मेमध्ये एकदा आणि डिसेंबरात एकदा. त्या फोटोंत जे कळतं ते मी तासभर बोलूनही सांगू शकत नाही. रात्रीचा उजेडही बघा. एका गृहस्थांच्या फाटकापाशी शेवंतीला दोन वर्षं कळीच धरेना. खत बदललं, जात बदलली. शेवटी एका संध्याकाळी मी तिथे होते आणि फाटकावरचा दिवा लागला, तो पहाटेपर्यंत शेवंतीवरच. रात्र मोठी झाल्याचं कळलं की ती कळी धरते, आणि त्या बिचारीला रात्र होतच नव्हती. कुंड्या आठ फूट बाजूला सरकवल्या, बाकी काही केलं नाही, त्या हिवाळ्यात बहरली.

दक्षिणेला आंब्याखाली खरा प्रश्न सावलीचा नाही, कोरडेपणाचा आहे. दाट पानांमुळे हलका पाऊस खाली पोचतच नाही, आणि जो पोचतो तो आंब्याची मुळं पितात. तिथे खणून मुळं तोडू नका आणि बुंध्याकडे मातीचा ढीगही चढवू नका, झाड शेजाऱ्यांचं आहे, भांडण व्हायचं. पडलेली पानं झाडून जाळण्याऐवजी तिथेच पसरू द्या, दोन वर्षांत खालची माती हाताने उकरता येईल इतकी मऊ होते. मग त्यात स्पायडर प्लांट, र्‍हिओ, कडेला जिथे तिरपं ऊन येतं तिथे अबोली, कोरांटी, अडुळसा. हळद आणि आंबेहळदही तिथे येते, पावसाळ्यात वाढते आणि थंडीत पानं वाळली की काढायची. गड्डे लहान निघतील, पण घरची हळद. शेजाऱ्यांची हरकत नसेल तर कुंपणाच्या आत टेकू देऊन मिरवेल लावून बघावी असं तुम्हाला वाटेल, पण तुमच्याकडच्या कोरड्या हवेत ती नुसती तगेल, मिरी फारशी धरणार नाही.

नैऋत्येचा कोपरा. वास्तुवाले तिथे जड झाड लावायला सांगतात, तुम्हालाही सांगितलं असेलच. माझा त्याला विरोध नाही, फक्त ते झाड पाण्यात उभं राहणारं हवं. इथे नीट लक्ष द्या. तुमचा कोपरा बारा महिने ओला नाही. पुण्यात वर्षाला सरासरी 700-750 मिलिमीटर पाऊस, तुम्ही शहराच्या पूर्वेला पर्जन्यछायेत आणखी आत, आणि तो सगळा जवळजवळ चार महिन्यांत. म्हणजे तिथे पावसाळ्यात डबकं आणि उन्हाळ्यात भेगा. दलदलीची झाडं उन्हाळ्यात मरतील, माळावरची पावसाळ्यात. मग कोण टिकतं? जवळचा एखादा ओढा बघून या. तोही असाच, जुलैत भरून वाहतो आणि मार्चनंतर कोरडा ठणठणीत. त्याच्या काठाला निर्गुडी हमखास दिसेल, करंज दिसेल. निर्गुडी तुमच्या जागेला अगदी योग्य, आठ-दहा फुटांवर छाटून ठेवता येते, निळसर फुलं येतात, आणि पाल्याचा शेक घ्यायला घरात कुणी ना कुणी असतंच. तिच्या पुढे वाळ्याची एक ओळ, मुळं खोल जाऊन माती धरून ठेवतात. स्वयंपाकघराच्या सिंकचं पाणी त्या कोपऱ्याकडे वळवता आलं तर कर्दळ आणि अळूही लावा, आजीचं परस पूर्ण होईल. मात्र भांड्यांच्या साबणाचं फेसाळ पाणी वेगळं काढा, डाळ-तांदूळ-भाजी धुतल्याचं तेवढं सोडा. करंज एवढ्या जागेत मोठा होईल, तो नको.

पुढचं अंगण ही तुमची राजेशाही जागा, सकाळचं ऊन आणि दुपारनंतर घराचीच सावली. तुळस, जास्वंद, गुलाब, मोगरा, लिंबू, काहीही मागा. फक्त झाड एकच, आणि ते लहान. पारिजातक लावा. भिंतीपासून आठ फूट सोडा, पायरीकडे एक फांदी झुकू द्या, पहाटे सडा दारातच पडेल. गुलमोहर, बूच, उंबर हे प्रकार अडीच गुंठ्यांत नाकापेक्षा मोती जड. बुचाचं लाकूड ठिसूळ, वादळी वाऱ्यात फांदी कुणाच्या गाडीवर पडेल सांगता येत नाही. आणि चुकीचं झाड मोठं झाल्यावर सहज काढताही येत नाही. शहरी हद्दीत 1975 च्या झाडे जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कुणी झटपट हिरव्या भिंतीसाठी कोनोकार्पस सुचवला तर नम्रपणे नकार द्या. वाढतो झपाट्याने, पण मुळं ड्रेनेजच्या लाइनीत घुसतात. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, ती उगीच नाही.

तामण लावू का, राज्यफूल आहे, असंही तुम्ही विचारलंय. फूल अप्रतिमच. पण रानात तो नदी-ओढ्याच्या ओलाव्याला असतो, तुमच्याकडे उन्हाळाभर बोअर चालवून त्याला जगवावं लागेल. बोअरच्या पाण्याची आजची तऱ्हा बघता मी लावणार नाही.

तुमच्या मुलीच्या मुंबईतल्या चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत काय लावावं, हेही विचारलंत. त्याचं वेगळं सविस्तर लिहावं लागेल, तूर्त एवढंच: तिथे उन्हापेक्षा वारा घातक. उंच, रुंद पानांची झाडं फाटून जातात. बुटकी बोगनवेल, चिनी गुलाब, स्नेक प्लांट, अशी बसक्या अंगाची लावायला सांगा. आणि घनफूटभर ओली माती 45-50 किलो भरते, तेव्हा कठड्यावर मातीच्या कुंड्यांची रांग नको. कोकोपीट जास्त घातलेलं मिश्रण, जमिनीवर, भिंतीलगत.

आता मे चालू आहे, लावायची घाई करू नका. पहिला वळीव झाला की सगळं पुणं नर्सरीत धावतं, आणि मग जूनचा दोन-तीन आठवड्यांचा खंड पडतो तेव्हा रोपं माना टाकतात. पाऊस नीट लागू दे, वाफसा येऊ दे, जुलैचा पहिला पंधरवडा उत्तम. तोवर भिंतीलगतचा राडारोडा घमेल्याने उपसून काढा, निदान दीड-दोन फूट खोल, आणि जागेवरच कुजण्यासाठी पालापाचोळा पसरा. पावसाचं पाणी धरायला एक पिंप पन्हाळीखाली आणून ठेवा.

खड्ड्याची चाचणी या रविवारीच करा. पुढच्या अंगणात उजवीकडे आणि डावीकडे, मागे मध्यावर आणि नैऋत्येच्या कोपऱ्यात. चारही ठिकाणी दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाभरात किती बोटं उतरलं ते लिहून कळवा. लिंबू कुठे लावायचं ते त्यावरून सांगते. त्याला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, खोडाला डिंक्या लागतो, म्हणजे खोडातून डिंक गळायला लागतो. अंगणातलं पाणी उतरत नसेल तर उंचवटा किती फुटांचा करायचा तेही तेव्हाच ठरवू.